काकूंनी न खाल्लेला टोमॅटो

“आधी तळाला भोकं पाडा, मग माती भरा. मुळांशी पाणी साचलं तर रोप कुजेल हो!”

हा आवाज अजून माझ्या कानात आहे. मित्रांनो, मी एक जुना रंगाचा डबा आहे, आणि तो आवाज शिवणकाकूंचा. काकू घरी कपडे शिवतात, तर त्यांचे यजमान खालच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोटात पांढराशुभ्र रंग घेऊन मी या घरी आलो. भिंती उजळल्या, वाहवाही झाली, पण ती भिंतींची! मला जिन्याखाली टाकलं. दोन वर्षं मी कोळ्यांना आसरा देत पडून होतो. मग काकूंनी मला घासूनपुसून गॅलरीत नेलं, काकांनी खिळ्यानं भोकं पाडली, आणि माझ्यात टोमॅटोचं रोप उभं राहिलं. काय सांगू, माझा ऊर भरून आला!

रोप कमरेएवढं झालं आणि काकूंच्या तोंडात फोड येऊ लागले. ओठही सुजत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा, सगळी एकाच कुळातली. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, पण तुम्हाला सोसत नसावीत. काही आठवडे बंद ठेवून पाहू.”

काकूंनी नेम धरला तो धरलाच. भाजीला मिरपूड लावली, पण मिरचीकडे पाहिलं नाही. तोंडातले फोड गेले. ओठांची सूज आणि आग मात्र जाईना.

“झाडच उपटतो,” काका वैतागून म्हणाले. “ते समोर आहे तोवर तुला मोह होणार, आणि बाजारचे टोमॅटो चोरून खाणं चालायचंच.”

“मी चोरून खाते? अहो, घड्याळ तरी उघडून बघता, मग दोष देता!” काकू उसळल्या. मग हळूच म्हणाल्या, “आठ दिवस द्या. नाही बरं वाटलं तर मीच उपटेन. वाटलं, तर पहिला टोमॅटो मी चिरून देईन, तुम्ही खायचा. माझ्यापायी तुम्हीही सोडलाय, कळत नाही का मला?”

मी माती घट्ट धरून बसलो.

काकू रोज सकाळी झाडाचे नको असलेले फुटवे चिमटीनं खुडत आणि तशाच शिवायला बसत. सुईत ओवण्याआधी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायची त्यांची जुनी सवय. तिसऱ्या दिवशी काका थबकले.

“अगं, पांढऱ्या दोऱ्याचं टोक हिरवं कसं?”

काकूंनी बोटं पाहिली. झाडाच्या रसानं ती हिरवीपिवळी झाली होती. “अगंबाई! खाणं सोडलं, पण चाटणं चालूच होतं की माझं!”

काका कान पकडून हसू लागले. संध्याकाळी त्यांनी रबरी हातमोजे आणून दिले. आठव्या दिवशी काकूंचे ओठ अगदी बरे झाले.

मित्रांनो, घरात कुणाला एखादी गोष्ट सोसत नसेल, तर थट्टा करू नका, संशय घेऊ नका. जरा जवळ बसून बघा. आणि माझ्यासारखा रिकामा डबा फेकण्याआधी थोडं थांबा. त्यात मूठभर माती मावते.

आज पहिला टोमॅटो लाल झाला. काकूंनी मोजे चढवून तो खुडला, क्षणभर नुसता वास घेतला. पातळ चकत्या केल्या, मीठ भुरभुरलं. मग वाटी पदराखाली झाकून, कुणाला न सांगता, त्या दुकानाचा जिना उतरू लागल्या.