जानेवारीतला बर्फ

शनिवारी सकाळी विनिपेग तळ्याकाठच्या आमच्या गावातली मंडळी सभागृहात अंग चोरून बसली होती. खचलेल्या माणसाशी कसं बोलावं, हे साध्या माणसांना शिकवायला शहरातून एक बाई आल्या होत्या. खरं सांगायचं तर आम्ही जमलो होतो रूना अम्माच्या कॉफीसाठी आणि सुक्या आलुबुखाराच्या केकसाठी. अम्माने आपल्या धाकट्या मुलाला, डोरीला, खुर्च्या मांडायच्या निमित्ताने ओढून आणलं होतं. थोरला हेल्गी गेल्यापासून डोरी जाळी टाकायला जात नव्हता, धड जेवत नव्हता. हाही हातचा जाईल, या धास्तीने तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

"शंका आली तर सरळ विचारा," बाई म्हणाल्या. "जीव द्यावासा वाटतो का?"

"असं कोण विचारतं बाई?" मासेमार आयनार हसला. "नसलेलं डोक्यात भरवायचं."

"विचारल्याने कुणी मरत नाही. तुमच्या गावात असं कुणी गेलंय?"

सगळे आपापल्या कपात बघू लागले. अशा मरणाला आमच्याकडे नावच नाही. कुणाचं हृदय बंद पडतं, कुणाचा पाय घसरतो. घराची अब्रू राखायला सगळं गाव मिळून खोटं बोलतं आणि वर त्यालाच माया म्हणतं. काय ही माया! हेल्गीच्या वेळीही तेच ठरलं, तळ्यावरचा बर्फ फुटला. दफनाच्या दिवशी जो तो रूनाचा हात धरून तेच सांगत होता आणि ती बिचारी मान डोलवत होती.

"गेलाय. माझा हेल्गी," किटली हातात धरून रूना म्हणाली.

"अम्मा, तो अपघात होता," आयनार हळूच म्हणाला. "बर्फ फुटला."

"जानेवारीत? त्याच आठवड्यात तू त्याच बर्फावरून मासळीचा भरलेला ट्रक नेलास ना रे?"

डोरी उठून दाराकडे निघाला. रूनाने किटली टेबलावर ठेवली आणि त्याची वाट अडवली.

"डोरी, बाळा, तुला जीव द्यावासा वाटतो का?"

"आई, घरी बोलू."

"घरी आपण बोलतच नाही रे. तुझ्या भावाशीही कुठे बोलले मी? इथेच सांग."

डोरीने तिच्याकडे बघितलं.

"हो," तो म्हणाला.

तिने त्याला खुर्चीवर बसवलं आणि त्याचा हात घट्ट धरला. बाईंनी त्याच्या शेजारी बसून डॉक्टरांना फोन लावला. आयनारने डोक्यावरची टोपी काढली आणि तो पोरासारखा रडला.

हेल्गीनेही हेच उत्तर दिलं असतं का, ते आता कधीच कळणार नाही. त्याला आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं.