तिरपा बांबू

नत्थुजींनी पिशवीतून करवत काढली, तेव्हाच मैनाबाईंचे गुडघे ठणकायला लागले.

दर्यापूरच्या बाजारातलं त्यांचं भाजीचं टेबल वर्षातून एकदा डुगडुगायचं, आणि त्यांचे यजमान नत्थुजी त्याचे पाय कापायचे. पालक-मेथीवर दिवसभर पाणी शिंपडावं लागतं. ते ओघळून एका कोपऱ्यात साचायचं, तिथला पाय खालून कुजायचा. मग कुजका भाग काढायचा नि बाकीचे तीन त्याच्या मापाचे करायचे. नवं होतं तेव्हा टेबल मैनाबाईंच्या कमरेला लागायचं, आता गुडघ्याच्या थोडंच वर. अकोल्याच्या डॉक्टरांनी तर बजावलं होतं, खाली बसणं बंद. उभं राहून धंदा होईल तोवर होईल. टेबल मात्र दर साली त्यांना जमिनीकडे नेत होतं.

"आता कापू नका," त्या म्हणाल्या.

"मंग हालते त्याचं काय करू?"

"आधी पाहा तं खरं, काहून हालते ते."

नत्थुजींनी सुतळीनं चारही पाय मोजले. यंदा एकही कुजला नव्हता, सगळे सारखे निघाले. पायांमधलं अंतर वर मोजलं, खाली मोजलं. तेही सारखं. दहावीपर्यंत शिकलेला माणूस, मान ताठ झाली. "समोरासमोरच्या बाजू समांतर हायेत. टेबलात काही खोट नाही."

मैनाबाईंनी टेबलाला नुसतं बोट लावलं. चारही पाय एकदम शेजारच्या शकुनच्या फुलांकडे कलले. "समांतर हायेत. पन समदे मिळून पडून राह्यले."

शकुन हार ओवता ओवता म्हणाली, "एकमत तं हाये, नत्थुभाऊ. आमच्या घरी पडाचंही एकमत होत नाही."

"दोन बोटं कापतो. बुटकं झालं का कमी हालन."

मैनाबाईंच्या अंगात भांडायचंही त्राण नव्हतं. त्यांची नजर कारल्याच्या ढिगावर गेली.

"कारल्याच्या मांडवाले कोपऱ्याकोपऱ्यात तिरपा बांबू कोनं बांधला?"

"मीनंच. नाही तं वाऱ्यानं मांडव निजन."

"मंग याले काहून नाही?"

नत्थुजी करवतीचे दात अंगठ्यानं चाचपत राहिले. नजर टेबलाखाली गेली. तिथं पोतं अंथरलेलं होतं. पहाटे उठून भाजी तोडणारे नत्थुजी दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की मागच्या बाजूनं तिथं शिरून आडवे व्हायचे. टेबल बुटकं होत गेलं तसे अंग चोरून शिरायचे.

मैनाबाईंना कळलं. बांबूचं यांना सुचलं नव्हतं असं नाही. राग यायला हवा होता, पण तोही थकलेला असावा.

"निजाची जागा जाईन," नत्थुजी करवतीला सांगितल्यासारखं म्हणाले.

"अन माही उभं राह्याची जाते, ते?"

नत्थुजींनी करवत पिशवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी वावरातून बांबू आणला आणि मागच्या दोन पायांना तिरपा, तारेनं आवळून बांधला.

दुपारी सवयीनं मागे गेले, बांबूपाशी थबकले. मग उलट्या क्रेटवर बसून पुढे वाकले, टेबलाच्या कडेवर डोकं टेकलं, तोंड उघडं टाकून पेंगायला लागले.

मैनाबाईंनी वाकून दोन्ही हात टेबलावर टेकले. गुडघ्यांचा सगळा भार हळूहळू त्यावर सोडला. टेबल हललं नाही.

मग त्यांनी टेबलावर उभारलेली छत्री थोडी फिरवली. सावली नत्थुजींच्या तोंडावर आली, मेथी उन्हात गेली. तिच्यावर पाणी जरा जास्त शिंपडावं लागेल, एवढंच.