पाच पौंडांची बंदूक

"ती कोपऱ्यातली काढ. सगळ्यांत हलकी दिसतेय," ब्रेंट म्हणाला.

अर्डिसनं मागे वळूनही पाहिलं नाही. कोपऱ्यात कुठली बंदूक उभी आहे हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. एका नळीची, वीस बोअरची, वजन पाच पौंड. तिनं फडकं उचललं आणि काउंटरची स्वच्छ काच पुन्हा पुसायला घेतली.

"आई, ऐकलंस का?"

"ऐकलं. बहिरी नाही झाले अजून."

ब्रेंट तिचा एकुलता एक मुलगा. सू फॉल्सला राहतो, पवनचक्क्या दुरुस्त करतो. आईच्या दुकानात त्यानं शेवटचं पाऊल टाकलं तेव्हा तो शाळेत होता, आणि आता त्याच्या दाढीत पांढरं डोकावत होतं. शेजारी त्याची मुलगी मॅरिन उभी होती. वय अकरा, अंगानं काडी. डोक्यावर आजोबांची शिकारीची नारिंगी टोपी, ती सारखी भुवयांवर घसरत होती.

येत्या शनिवार-रविवारी मुलांसाठी राखून ठेवलेली शिकार होती. त्या दोन दिवसांत मोठ्यांनी बंदुकीला हात लावायचा नाही. नुसतं पोरांच्या बाजूनं मक्याच्या शेतातून चालायचं आणि फेझंट पक्षी उडाला की तोंड बंद ठेवायचं. हे दुसरं बऱ्याच बापांना जमत नाही.

"तिच्याबरोबर तू जाणार?" अर्डिसनं विचारलं.

"मग कोण? बाबांनी शब्द देऊन ठेवलाय तिला. मी नाही म्हटलं तर तीन दिवस जेवायची नाही ही."

"चार," मॅरिन म्हणाली.

व्हर्लिन, तिचा नवरा, मार्चमध्ये गेला. बोटीवरची ताडपत्री काढता काढता खाली बसला तो उठलाच नाही. बाप-लेकाचं बोलणं वर्षानुवर्षं हवापाण्यापलीकडे गेलं नव्हतं. पण नातीला मात्र म्हातारा दर रविवारी फोन करायचा आणि तासभर फेझंटांच्या गप्पा मारायचा. नर कुठला, मादी कुठली, कुत्रं कधी थबकतं. हा माणूस असा गोड बोलू शकतो हे अर्डिसनं लग्नाच्या पंचेचाळीसाव्या वर्षी पाहिलं.

तो गेल्यापासून तिला काही वाटेनासं झालं होतं. शेजारणी झाकलेली भांडी घेऊन आल्या, बटाट्याचं, नूडल्सचं काय काय. तिनं ते खाल्लं, भांडी घासून जिची तिला परत केली. आता रडू येईल, मग येईल, म्हणून ती काही दिवस थांबली. नाही आलं. मग ती कामावर आली.

दुकान शेतकऱ्यांचं. पुढे जनावरांचा खुराक, कुंपणाची तार, मिठाच्या विटा, रबरी बूट. मागच्या भिंतीला बंदुका, आणि त्यांच्यापुढे चौतीस वर्षं अर्डिस. आजूबाजूच्या तीन-चार गावांत पोराला पहिली बंदूक घ्यायची म्हटलं की लोक म्हणत, अर्डिसला विचारा. ती बापाकडे बघायचीच नाही. पोराचा हात मोजायची, मान बघायची, खांद्यावर बोटांनी दाबून हाड कुठं लागतं ते बघायची. बाप मध्ये बोललाच तर म्हणायची, "बंदुकीची लाथ तू खाणार आहेस का?" दोन-चार जण रागावून दुसरीकडे गेले. त्यातलेही बहुतेक वर्षभरात परत आले, पोराचा निळा पडलेला खांदा घेऊन.

कारण चूक सगळ्यांची एकच असते. पोर लहान, म्हणून बंदूक हलकी. वरवर किती शहाणपणाचं वाटतं! पण बार उडाला की मागे येणारा धक्का कुणाला तरी सोसावाच लागतो. बंदूक जड असली तर बराचसा ती सोसते. हलकी असली तर सगळा पोराच्या खांद्यावर. अर्डिसनं हे वाक्य इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की खुराकाच्या गोण्या उचलणारा डूएन तिची नक्कल करायचा.

फक्त ब्रेंटला तिनं ते कधी सांगितलं नव्हतं.

"काढतेस ना?" ब्रेंट म्हणाला.

"ती देता येणार नाही. कुणीतरी सांगून ठेवलीय."

"कुणी सांगून ठेवलीय?" डूएन पलीकडून ओरडला. "आठ महिने झाले, तिच्यावर धूळ साचलीय. परवाच तर म्हणालीस, हिला कुणी विचारू नये."

"डूएन, तू तुझ्या गोण्या बघ."

"बघतोच आहे. गोण्या खोटं बोलत नाहीत."

ब्रेंट हसला. हसला की तो अजून दहा वर्षांचा दिसतो, हे तिच्या लक्षात आलं. लक्षात आलं, एवढंच. तिनं बंदूक खाली काढली, मधून उघडून नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि काउंटरवर ठेवली.

मॅरिननं ती एका हातानं उचलली. "बाबा, काहीच वजन नाही! मी दिवसभर धरीन."

"बघ. हिला अगदी बरोबर आहे," ब्रेंट म्हणाला. "माझीही अशीच होती ना?"

"अशीच."

अशीच म्हणजे अगदी अशीच. ब्रेंट दहा वर्षांचा, अर्डिसला या दुकानात लागून तीन महिने झालेले. नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात जुन्या विक्रेत्यानं तिला हलक्या बंदुकीचं समजावून सांगितलं होतं. आणि त्याच शरद ऋतूत व्हर्लिननं अशी बंदूक घरी आणली. तिनं स्वयंपाकघराच्या टेबलावर ती पाहिली, शेजारी काडतुसांचा डबा पाहिला. मोठ्या माणसांची, जोरदार काडतुसं. तिच्या ओठांवर शब्द आले होते. पण व्हर्लिन म्हणाला, "मी असाच शिकलो," आणि ती मूग गिळून बटाटे सोलत बसली.

पहिल्याच बाराला बंदुकीचा दस्ता पोराच्या गालावर आदळला, ओठ फाटला. दुपारपर्यंत खांदा काळानिळा झाला. नऊ बार, एकही पक्षी नाही. शेताच्या टोकाला सगळे जेवायला बसले तेव्हा व्हर्लिन चारचौघांत म्हणाला, "पुढच्या वर्षी याला बाहुली आणू." माणसं हसली. ब्रेंटनं बंदूक गाडीत ठेवली आणि पुन्हा कधी हातात धरली नाही. अठरा पूर्ण होताच घर सोडलं.

त्यानंतर अर्डिसनं गावातल्या प्रत्येक पोराला ब्रेंट समजून बंदूक दिली. पण त्यामुळे ब्रेंटला काय फरक पडणार होता?

"मग हीच घेऊ," ब्रेंट म्हणत होता. "फॉर्म दे, भरून टाकतो."

आता दोनच वाटा होत्या. गप्प बसावं, तर शनिवारी तसाच काळानिळा खांदा मॅरिनचा. बोलावं, तर दुसरा प्रश्न आल्यावाचून राहणार नाही. तिनं फडक्याची घडी घातली.

"ही नको. हलकी बंदूक जास्त लाथ मारते."

"काय?"

"जितकी हलकी, तितकी जोरात. जड बंदूक धक्का स्वतः घेते. ही घेत नाही, पोराला देते. त्यातून जोरदार काडतुसं घातली, तर डूएनसुद्धा आडवा होईल हिच्यानं."

"झालोय," डूएन म्हणाला. "माझ्या मेहुण्याची होती. दाढ हलली माझी."

ब्रेंटनं बंदुकीकडे पाहिलं, मग आईकडे. त्याला सगळं समजायला फारसा वेळ लागला नाही. लहानपणापासून तो हुशारच.

"माझ्या वेळी काडतुसं कुठली होती?"

"बाबांचीच."

"म्हणजे ते सगळं..."

"बंदुकीचं होतं. तुझं काही चुकलं नव्हतं, ब्रेंट. त्या बंदुकीनं कुणालाच जमलं नसतं."

डूएनला काहीतरी कळलं असावं, तो गोण्यांची गाडी ढकलत मागच्या गोदामात निघून गेला.

"आणि हे तुला कधी कळलं?" ब्रेंटनं विचारलं.

नंतर कळलं, असं म्हणता आलं असतं. कुणी तपासायला येणार नव्हतं. व्हर्लिन गेला, तो जुना विक्रेता तर कधीचाच गेला.

"तेव्हाच. तुम्ही शिकारीला गेलात त्याच्या आधी."

"आधी?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"भांडण नको होतं घरात."

एवढंच कारण होतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की हे सांगताना आपण कोसळू, काउंटरला धरून उभं राहावं लागेल. तसलं काही झालं नाही. छतावरचा पंखा फिरत होता. तिनं बोललेलं वाक्य दुसऱ्याच कुणाचंतरी असल्यासारखं तिला ऐकू आलं.

"मला आयुष्यभर वाटत आलं, मी भित्रा आहे," ब्रेंट म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं.

"भित्रा काय, बाबा," मॅरिन म्हणाली. "तू पवनचक्कीच्या वर चढतोस. तीनशे फूट! माझ्या वर्गातल्या टायलरचे बाबा दोन शिड्या चढून ओकले होते."

"मॅरिन, गप्प बस जरा."

"खरंच ओकले होते."

ब्रेंटनं दोन्ही हातांनी चेहरा चोळला. तो आता निघून जाईल, असं अर्डिसला वाटलं. गेला असता तर तिनं थांबवलं नसतं. तेवढा हक्क त्याचा होता. पण तो जागचा हलला नाही.

"हिच्यासाठी कुठली?" त्यानं विचारलं. "तू सांग."

अर्डिसनं मधल्या ओळीतून दुसरी काढली. हीही वीस बोअरचीच, पण साडेसहा पौंडांची. बार उडाला की त्याच्याच वायूच्या जोरावर पुढचं काडतूस आपोआप भरणारी. त्या खटाटोपात धक्क्याचा मोठा वाटा तिच्या पोटातच जिरतो. लाकडी दस्त्याला मागे रबराची जाड गादी.

"जड आहे," मॅरिननं तक्रार केली.

"असू दे. दमलीस तर थांब, पाणी पी, पुन्हा चाल. टोपी वर कर, डोळे दिसू देत. कोपर वाकव बघू." तिनं कोपराच्या खोबणीपासून बोटापर्यंत फीत धरली. "दस्ता इंचभर कापावा लागेल. कापलेला तुकडा तुझं नाव लिहून खणात ठेवते. तू वाढलीस की परत जोडून देईन."

"आणि नाही वाढले तर?"

"तुझे आजोबा सहा फूट दोन इंच होते. वाढशील. आणि काडतुसं मी देईन तीच. बाबा दुसरी द्यायला लागला तर मला फोन कर."

"मी देणार नाही दुसरी," ब्रेंट म्हणाला.

अर्डिसनं नळी तपासली, एक खोटं काडतूस आत सरकवलं आणि बंदूक पोरीच्या हातात दिली. भिंतीवर हरणाचं मुंडकं होतं, गिऱ्हाइकं नेम धरायला तेच वापरत. मॅरिननं गाल दस्त्याला टेकवला, जीभ बाहेर काढली, चाप ओढला. टक्. डोळे टक्क उघडे.

"मेलं!"

"ते माझ्या आधीपासून मेलेलं आहे," अर्डिस म्हणाली.

"बघू," ब्रेंट म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला.

अर्डिसनं बाजूचा खटका मागे ओढून चाप पुन्हा चढवला आणि बंदूक त्याच्याकडे दिली. त्यानं ती नीट घेतली, नळी माणसांपासून दूर, बोट चापाच्या बाहेर. व्हर्लिननं शिकवलेलं अजून अंगात होतं. मग त्यानं खांद्याला लावली, हरणाकडे नेम धरला. चाप ओढायच्या आधीच त्याचे डोळे घट्ट मिटले आणि चेहरा बाजूला वळला. टक्.

मॅरिन खदखदून हसली. "बाबा! रिकामी आहे ती!"

"माहीत आहे," ब्रेंट म्हणाला.

अर्डिसला दुखलं. मार्चपासून पहिल्यांदाच. कुठं, ते तिला सांगता आलं नसतं. तिनं बंदूक परत घ्यायला हात पुढे केला, पण ब्रेंटनं दिली नाही. तिनं ओढला होता तसाच त्यानं खटका स्वतःच मागे ओढला, पुन्हा नेम धरला. टक्. पुन्हा डोळे मिटलेले. तिसऱ्यांदाही तेच झालं, आणि या वेळी त्याचा खालचा ओठ दातांखाली गेला होता.

मॅरिन हसायची थांबली. ती आजीच्या बाजूला येऊन उभी राहिली. डूएन गोदामातून मिठाच्या विटा घेऊन परत आला आणि जिथल्या तिथं थबकला. दारातून कुणी गिऱ्हाईक आत आलं, त्याला डूएननंच हातानं थांबायला सांगितलं.

ब्रेंटनं खटका मागे ओढला आणि बंदूक पुन्हा खांद्याला लावली.