बावीस मिनिटांचा राखणदार

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या बोलण्यावर कितपत विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. टीव्हीवर लागलेला कार्यक्रम टिपून पोटातल्या हार्ड डिस्कवर साठवायचा आणि घरातली माणसं म्हणतील तेव्हा पुन्हा दाखवायचा, हे माझं काम. माझ्या तोंडात कोरी डिस्क घातली, तर पोटातला कार्यक्रम तिच्यावर उतरवूनही देतो.

माझा जन्मच संशयात झाला. कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या एका ताईनं मला तीनदा चालू केलं, तीनदा बंद केलं, हलवून पाहिलं आणि तरीही शिक्का मारताना तिच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. दुकानात तर येणारं-जाणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला टिचकी मारून बघायचं, जणू मी कलिंगडच.

शेवटी मी एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांच्या घरी आलो. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं टेबल होतं. डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर तिथं बसत आणि तांदळाच्या कणीएवढे स्क्रू चिमट्यानं उचलत. गिऱ्हाइकांशी त्यांचं बोलणं मात्र भरघोस. आवाज खर्जातला, सावकाश. ऐकत राहावं असा.

काकू त्यांच्या अगदी उलट. भाजीवाल्याचा तराजू, डॉक्टरांचं औषध, शेजारणीचं गोड बोलणं, सगळ्याकडे त्या तिरक्या नजरेनं बघत. गल्लीत त्यांना पाठीमागे शंकाबाई म्हणत. आपल्याला कोणीतरी काहीतरी म्हणतं, असा त्यांना संशयही होता. मी आलो त्या दिवशी माझा लाल दिवा बघून त्यांनी काकांना बाजूला घेतलं.

"अहो, हे आपलं बोलणंही टिपतं का?"

"नाही गं. फक्त टीव्हीवरचं."

"असं तो दुकानदार सांगतो." त्यानंतर कितीतरी महिने, माझा लाल दिवा लागला की काकू जावेबद्दल बोलायच्या थांबत.

तरी मी इमानानं राबलो. काकूंची मालिका चुकवली नाही, काकांचे सामने चुकवले नाहीत. वीज गेली तेवढी सोडली, तर माझ्याकडून कधी एक मिनिटही हुकलं नाही. हळूहळू काकू पाहुण्यांना सांगू लागल्या, "आमचा डबा बरा आहे हो." त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे मानपत्रच समजायचं.

मग एकदा टीव्हीवाले घरी आले. हातानं बारीक काम करणाऱ्या माणसांवर त्यांचा कार्यक्रम होता. काका आपल्या टेबलाशी बसून बावीस मिनिटं बोलले, आणि बोलता बोलता त्यांनी एक बंद पडलेलं घड्याळ चालू करून दाखवलं. ज्या दिवशी तो कार्यक्रम लागणार होता, त्या दिवशी काकूंनी मला सकाळपासून चार वेळा तपासलं. मी तो सर्वांत उत्तम दर्जात टिपला. बोटांवरच्या रेषासुद्धा मोजता येतील, इतका स्वच्छ.

त्यानंतर दोन वर्षांनी काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून ते पाटीवर लिहून बोलतात. त्यांची नात त्यानंतर जन्मली. इवलीशी आणि सतत कामात, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणतात. मुंगीनं आजोबांचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. तो आता जगात एकाच ठिकाणी होता, माझ्या पोटात. आणि मित्रांनो, माझं पोट बिघडू लागलं होतं.

ते आधी कोणाला कळलं? काकांना. मी चालू झालो की आतून एक टकटक यायची, थांबायची, पुन्हा यायची. काका एके दुपारी उठले, माझ्या झाकणाला कान लावला आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी पाटीवर लिहिलं, 'याचे दिवस थोडे. बावीस मिनिटं बाहेर काढा. मुंगीसाठी.'

काकांच्या लेकीनं, म्हणजे मुंगीच्या आईनं, नवऱ्याला बोलावलं. जावईबापू कोऱ्या डिस्कचा डबा घेऊन आले. त्यात दहा डिस्क होत्या.

"आई, पाच मिनिटांचं काम आहे. बघाच तुम्ही."

"पाच मिनिटांचं म्हणणाऱ्यानंच आमचा नळ तीनदा उघडला होता," काकू म्हणाल्या. "आणि दहा डिस्क कशाला?"

"एकेकीवर थोडं थोडं उतरवू. चित्र चांगलं राहतं म्हणतात."

"थोडं थोडं म्हणजे किती इथं राहणार आणि किती तुमच्या घरी जाणार, ते मला कसं कळायचं? एकाच डिस्कवर करा काय ते. माझ्या डोळ्यांदेखत."

उरलेल्या नऊ डिस्क काकूंनी कपाटात ठेवल्या, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. जावई झाला तरी सासूपुढे बोलून बोलून किती बोलणार? त्यांनी मालिकेचे शेवटचे भाग, दोन सामने आणि काकांची बावीस मिनिटं, असे सगळे मिळून सात तास निवडले. मी पडद्यावर विचारलं, 'जागा कमी आहे. चित्र दाबून बसवू का?' त्यांनी न वाचताच 'हो' दाबलं.

मी काय करणार? एका तासाच्या जागेत सात तास कोंबायचे म्हणजे बारीकसारीक सगळं फेकूनच द्यावं लागतं. मी केस फेकले, सुरकुत्या फेकल्या, बोटांवरच्या रेषा फेकल्या. फेकताना मला ठाऊक होतं, ठपका माझ्यावरच येणार.

आलाच. डिस्क लावली, तर काकांच्या बोटांचे चौकोनी तुकडे दिसत होते, आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. स्क्रू तर दिसतच नव्हता.

"मशीन म्हातारं झालंय, आई," जावईबापू म्हणाले. "मूळचंच असं असणार. आता डिस्कवर आलंय ना, मग आतलं पुसून टाकतो. त्यालाही हलकं वाटेल." त्यांचं बोट बटणावर गेलं. मी विचारलं, 'कायमचं पुसू का?' याहून जास्त बोलायची मला सोय नाही.

"थांबा!" काकू कडाडल्या. "पुसायची एवढी घाई कशाला? घाईनं पुसणाऱ्याच्या मनात काहीतरी असतं."

"माझ्या मनात फक्त चहा आहे, आई."

काकांनी मात्र पाटी वर धरली होती. 'मूळ लावा.'

लेकीनं मूळ लावलं. माझी टकटक सुरू झाली, पण चित्र आलं. काकांनी भिंग डोळ्याला लावलं आणि टीव्हीच्या अगदी जवळ गेले. चिमट्याच्या टोकावर तो स्क्रू होता, आणि स्क्रूच्या डोक्यावरची खाचही होती. त्यांनी मागे वळून लिहिलं, 'हा खरा. डिस्क खोटी.' मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कोणी एवढं ठाम बोललं नव्हतं.

मग लेकीनं माझ्याबरोबर आलेलं पुस्तक शोधून काढलं. आजवर ते कोणी उघडलंही नव्हतं. ती मोठ्यानं वाचू लागली, "ज्या दर्जात टिपलं त्याच दर्जात उतरवल्यास चित्र व आवाज जसाच्या तसा राहतो. उत्तम दर्जाचा एका डिस्कवर एकच तास मावतो."

वाचून झालं. सगळ्यांच्या नजरा हळूहळू काकूंच्या कमरेकडे गेल्या.

"माझ्याकडे काय बघता?" काकू म्हणाल्या. मग आवाज उतरला. "मला वाटलं, जे काही जातं ते चोरीलाच जातं." त्यांनी किल्ली काढून जावयाच्या हातात दिली. "घ्या. आणि चहा होईपर्यंत कशालाही हात लावू नका."

या वेळी फक्त बावीस मिनिटं निवडली. दाबायचं नाही, कापायचं नाही, आहे तसं. मधेच माझी चकती अडखळली. काकूंनी माझ्या झाकणावर हात ठेवला. मी पुन्हा फिरलो आणि शेवटपर्यंत गेलो. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे डिस्क नीट बंदही केली, नाहीतर दुसऱ्या यंत्राला ती वाचताच आली नसती.

तरी काकूंचं समाधान होईना. "त्याची डिस्क तो वाचणारच. परक्यानं वाचली तर खरी." म्हणून लेकीच्या घरचा चपटा प्लेयर आणून माझ्या शेजारी ठेवला. मला त्याचा भरवसा नव्हता. पण त्यानं डिस्क घेतली आणि खोलीत तो सावकाश, खर्जातला आवाज भरला.

"घड्याळ उघडण्याआधी त्याचं ऐकून घ्यावं. कुठं दुखतं ते तेच सांगतं."

मुंगी जमिनीवर बसली होती. तिनं मान हलवली. "खोटं. आजोबांना बोलता येत नाही. मागून दुसरं कोणीतरी बोलतंय."

काका तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि टीव्हीतल्या आवाजाबरोबर ओठ हलवू लागले. आपलेच शब्द त्यांना पाठ होते. एकही शब्द मागे-पुढे झाला नाही. मुंगीनं टीव्हीकडे पाहिलं, आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा टीव्हीकडे पाहिलं. मग ती आजोबांच्या मांडीवर चढली, त्यांच्या गळ्याला कान लावून बसली, आणि कार्यक्रम संपल्यावर म्हणाली, "परत लावा."

काकू स्वयंपाकघरात गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं यंत्र असेल, तर त्याच्या पोटात कोणाचा आवाज आहे ते आधी बघा. तो बाहेर काढताना जागेची कंजुषी करू नका. नक्कल मुळाशेजारी ठेवून ताडून बघा, परक्या यंत्रावर लावून बघा, आणि खात्री होईपर्यंत मूळ पुसू नका. संशय जरूर घ्या, पण तो घाईवर घ्या, माणसांवर नको. एवढं करून झालं, की मग आम्हाला खुशाल भंगारात द्या. आमची काही तक्रार नाही.