पाठीचा रकाना

मोठ्या सिस्टरच्या हाताला गुण आहे, असं अख्खा वॉर्ड म्हणायचा. कॉम्प्युटरवर रुग्ण-तपासणीचा नवा ठरावीक फॉर्म आला आणि त्या हाताला वेगही आला. ‘कालप्रमाणेच’ हे बटण दाबलं की चाळीस रकाने आपोआप भरायचे, खाली तिचं नाव उमटायचं आणि छापील प्रत पलंगाला लागायची. मग डोळ्यांना काय काम? सात नंबरच्या आजींची ‘पाठ : जखम नाही’ आठवडाभर अशीच उमटत होती.

आज चादर बदलताना तिने आजींना कुशीवर वळवलं. माकडहाडावर तळहाताएवढी जखम चिघळली होती.

“दुखत होतं तर बोलायचं नाही का, आजी?” ती उलट त्यांच्यावरच खेकसली.

तेवढ्यात आजींची लेक आत आली. जखम पाहून तिचा चेहराच उतरला. “सिस्टर, फॉर्मवर तर रोज पाठ चांगली लिहिलीय! बघत होतात ना तुम्ही?”

सिस्टर चादर सारखी करू लागली.

“रोज बघतात गं,” आजी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या. “कालपर्यंत काहीच नव्हतं तिथं.”

लेकीने लगेच हात जोडले. “चुकलं माझं, सिस्टर. उगाच संशय घेतला तुमच्यावर.”

सिस्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.