चोरचोळी

"डिलिव्हरीनंतरचं पोट आहे ना, ताई?"

श्रिया मॅडमनी हे इतकं सहज विचारलं की राजेश्वरीच्या तोंडून "व्हय" निघून गेलं. आपण काय बोललो, हे तिला नंतर कळलं.

"नॉर्मल की सिझर?"

आता झाली का पंचाईत! "नॉर्मल," राजेश्वरी पुटपुटली.

"मग तर काही टेन्शनच नाही. बाळ केवढं आहे?"

"लहान हाय अजून."

"आणि सकाळी त्याला सांभाळायला कोण?"

"शेजारच्या काकू हायत," राजेश्वरी म्हणाली. एवढं एक तरी खरं होतं. काकू होत्या. सांभाळायला बाळच काय ते नव्हतं.

श्रिया मॅडम पंचविशीतली पोरगी, केस उंच बांधलेले, हसरी. ती पुढं होऊन जिममधलं एकेक मशीन दाखवू लागली. राजेश्वरी पदर घट्ट आवळून मागून चालत होती. तिचं मशीनकडं लक्ष नव्हतं. ती खिडकीतून खाली इंदापूर रस्त्याकडं बघत होती आणि मनात म्हणत होती, इथवर आपल्या सोसायटीतलं कुणी यायचं नाही. बास. हेच ठरलं.

बारामतीत येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. नवरा हिंदुराव एमआयडीसीत कंपनीत लागला, म्हणून निरवांगीचं घर सासूसासऱ्यांवर सोपवून दोघं भिगवण रोडच्या बाजूला फ्लॅटमध्ये राहायला आली. आल्यापासून तिनं तीन जिम पाहिल्या. पहिली घराजवळ, पण तिला पुढून अख्खी काच, आणि काचेसमोर भाजीवाला. म्हणजे शेजारच्या ठमाकाकूंनी मेथीची जुडी निवडता निवडता वर बघावं आणि राजेश्वरी दोरीवरच्या उड्या मारताना दिसावी! नको रे बाबा. दुसऱ्या जिममध्ये ती सवयीनं दारात चपला काढून अनवाणीच आत गेली. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "ताई, बूट लागतात इथं, हे देऊळ नाही." मागं दोघं पुरुष हसले. समोरच्या आरशात तिला स्वतःचं पोट बाजूनं दिसलं. तशीच ती मागं फिरली. आणि ही तिसरी, फक्त बायकांची, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर. लोक जिम घेताना काय काय बघतात. राजेश्वरीनं फक्त घरापासूनचं अंतर बघितलं.

लपवण्यासारखं काय होतं एवढं? पोट. पण ते असल्याचं नाही, रिकामं असल्याचं.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती. अकलूज झालं, पुणं झालं, इंजेक्शनं झाली. मूल राहिलं नाही, इंजेक्शनांनी अंग मात्र सुटलं, आणि ते सगळं पोटावर येऊन बसलं. इथं समोरच्याच फ्लॅटमध्ये ठमाकाकू राहायच्या. कोऱ्हाळ्याचा ऊस धाकट्या लेकाच्या ताब्यात देऊन थोरल्याकडं आलेल्या. बोलायला फटकळ, पण मायेच्या. राजेश्वरी जिन्यात एकदा दम खात उभी राहिलेली त्यांनी बघितली, एकदा चिंचा चोखताना बघितली, आणि आपल्या मनाशी हिशेब मांडला.

जिम शोधायच्या आधीच, एका शुक्रवारी त्यांनी तिला चहाला म्हणून बोलावलं. आत सोसायटीतल्या चार बायका, मधे पाट, आणि पाटाशेजारी हिरवी साडी.

"बस, पोरी," काकू म्हणाल्या. "तुझी सासू तिकडं निरवांगीला, आई न्हाय. चोरचोळी कुणी करायची मग?"

चोरचोळी म्हणजे तिसराचौथा महिना लागला की गाजावाजा न करता, चारचौघींत करायची ओटी. त्यात विचारायचं नसतं आणि सांगायचंही नसतं. दिवस गेलेली बाई लाजते, तोंडानं कबूल करत नाही, म्हणून मोठ्यांनीच ओळखून घ्यायचं असतं.

"अवो काकू, न्हाय तसलं काय," राजेश्वरी म्हणाली.

सगळ्या खळखळून हसल्या. "समद्या आसंच म्हणत्यात!"

दुसऱ्यांदा तिनं म्हणायला पाहिजे होतं. ठणकावून म्हणायला पाहिजे होतं. पण ती म्हणाली नाही. निरवांगीला कुणाचीही ओटी भरायची असली की सासू तिला म्हणायची, "तू जरा आत भाकरीकडं बघ." इतकी वर्षं तिनं भाकरीकडंच बघितलं होतं. आणि इथं काकूंनी तिचा पदर पुढं ओढला, त्यात गहू टाकले, खारीक, सुपारी टाकली आणि वर नारळ ठेवला. पदराला ओझं लागलं. राजेश्वरीनं तो दोन्ही हातांनी धरला. सोडवेना तिला.

घरी येऊन तिनं साडी कपाटाच्या तळाशी दडपली. नारळ देवापुढं ठेवला, फोडला नाही. हिंदुरावाला सांगितलं, काकूंनी नव्या घराची म्हणून साडी नेसवली. तो म्हणाला, "चांगली माणसं हायती." तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

त्या दिवसापासून काकूंनी तिला जणू ताब्यातच घेतलं. दारात सांडलेलं पाणी पुसायला राजेश्वरी खाली बसली की समोरून हाक यायची, "आगं, वाकू नगंस!" पेपर उचलायला गेली, "वाकू नगंस, मी देती." स्वतःचे गुडघे धरून त्या वाकायच्या आणि पेपर हातात द्यायच्या. रव्याचे लाडू यायचे. तूप यायचं. राजेश्वरी ते खायची आणि दुसऱ्या दिवशी इंदापूर रोडला जाऊन उतरवायची. काय ही तऱ्हा!

जिमला जाताना ती बूट कापडी पिशवीत घालायची, वर कोथिंबिरीची जुनी जुडी ठेवायची, आणि चपला घालून उतरायची. बूट चढवायचे ते स्पेअर पार्टच्या दुकानाच्या जिन्यात. घरी पोट वाढायची वाट बघणारं एक माणूस, जिममध्ये ते कमी व्हायची वाट बघणारं दुसरं. श्रिया मॅडम रोज विचारायची, "बाळ झोपू देतं का रात्री?" आणि राजेश्वरी म्हणायची, "देतंय की."

पुढं काय करायचं, तेही तिनं ठरवून ठेवलं होतं. पोट जरा उतरलं की काकूंना सांगायचं, पोटातलं राहिलं नाही म्हणून. काकू रडतील, पाठीवरून हात फिरवतील, संपेल एकदाचं. हा विचार पहिल्यांदा आला तेव्हा ती सायकलच्या मशीनवर होती. पाय आपोआप थांबले. जे पोर आलंच नाही, त्याला आपण मारायला निघालो? तिला स्वतःची इतकी किळस आली की ती न सांगताच खाली उतरून घरी आली. दुसऱ्या दिवशी परत गेली. दुसरी काही वाट तिला दिसत नव्हती.

त्या दिवशी ती जिमहून आली, पिशवी घरात टाकली आणि गिरणीतून दळण घेऊन परतली. लाईट गेलेली, लिफ्ट बंद. जिन्याच्या पायथ्याशी काकू उभ्या.

"दे तो डबा हिकडं."

"न्हाय काकू, मी नेते."

"गप ए! तिसऱ्या मजल्यावर डबा नेतीया म्हणं. काय अक्कल गहाण टाकली का?" त्यांनी डबा हिसकावूनच घेतला आणि कमरेवर टेकवून चढू लागल्या.

राजेश्वरी मागून. हात मोकळे. तासाभरापूर्वी याच हातांनी तिनं डंबेल उचलले होते, आणि श्रिया मॅडम म्हणाली होती, "वा ताई, ताकद आली की!" पुढं काकूंचा गुडघा प्रत्येक पायरीला कडकड वाजत होता. पहिल्या मजल्यावर त्यांनी कठडा धरला. दुसऱ्याच्या आधी त्यांचा पाय अडखळला, डबा भिंतीवर आदळला आणि झाकणातून पीठ त्यांच्या पदरावर सांडलं.

"काकू, ठेवा तो डबा."

"झालंच की आता—"

"ठेवा म्हणते ना! माझ्या पोटात काय न्हाय, काकू. कवाच नव्हतं."

काकूंनी डबा पायरीवर ठेवला. पदरावरचं पीठही झटकलं नाही.

"इंजेक्शनांनी सुटलंय अंग. मी रोज जिमला जाते, त्ये कमी करायला. तुमच्यापास्नं चोरून." राजेश्वरीला बोलताना धाप लागत होती. "तुमचे लाडू खाल्ले मी. लाज वाटती मला माझी."

"आन् ओटी का घेतलीस मग?"

आवाज कडक होता. राजेश्वरीनं मान खाली घातली.

"कुणी कधी भरलीच नव्हती," ती म्हणाली.

खालच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं आणि मिटलं. काकूंनी कठडा धरला. मग त्यांनी तोंडावरून पदर फिरवला, तर पीठ गालाला लागलं.

"तू सांगितलं व्हतंस," त्या म्हणाल्या. "न्हाय म्हणाली व्हतीस पहिल्यांदा. मीच हसले. चारचौघीत बसवलं तुला." त्यांनी डब्याचं झाकण घट्ट बसवलं. "आता त्यास्नी काय सांगायचं, त्ये मी सांगीन. चूक माझी हाय, तशीच सांगीन."

"साडी देते परत."

"येडी हायस का? भरल्याली ओटी परत घेत्यात व्हय? धर तिकडनं."

दोघींनी दोन बाजूंनी डबा धरला. उरलेल्या पायऱ्या दोघी तशाच चढल्या. वर आल्यावर काकू आपल्या घरात गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. रोज उघडं असणारं ते दार त्या दिवशी पुन्हा उघडलं नाही, आणि संध्याकाळी लाडूही आले नाहीत.

सकाळी राजेश्वरीनं पिशवी खुंटीलाच राहू दिली. बूट आपल्याच उंबऱ्यावर बसून घातले. आज श्रिया मॅडमलाही सांगायचं होतं, घरी बाळ नाही म्हणून. ती उठली, दार ओढलं, तर समोर काकू जिन्यातला केर काढत होत्या. डोळे सुजलेले. त्यांनी तिच्या बुटांकडं बघितलं.

"नाडी सुटलीया बघ," त्या म्हणाल्या. राजेश्वरीची नजर खाली गेली. तेवढ्यात सवयीनं काकूंचा हात पुढं आला. "थांब, वाकू न—"

हात तसाच राहिला. मग त्यांनी तो हळूच मागं घेतला आणि केरसुणी धरली.

राजेश्वरी वाकली आणि नाडी बांधू लागली.