नीवेसच्या नावावर

मला बुरशीची किळस नाही. एकतीस वर्षं तिच्यात बोटं घालणाऱ्या बाईला ती परवडत नाही. मला किळस येते ती झानफ्रेत्तांच्या तुल्लिओची, आणि ती मी लपवत नाही.

आमच्याकडे अमारोने या लाल दारूची द्राक्षं तोडल्यावर लगेच पिळत नाहीत. माडीवर बांबूच्या तट्ट्यांवर जानेवारीपर्यंत सुकवतात. रोज घड उलटायचे, बुरशी धरलेले फेकायचे, आणि तट्टी स्वच्छ झाली की मी कडेला खडूने माझी खूण करायची. शेपटीवाला एन, नीवेसचा. तुल्लिओचा आजोबा बोर्तोलो, तेव्हाचा मालक, ती खूण बघितल्याशिवाय एक घड खाली नेऊ देत नसे.

म्हातारा गेला त्याच वर्षी पाऊस हटेना, मागोमाग धुकं. अर्धी माडी सडली. हात लावला की घड शेंबडासारखा लोंबायचा. महिनाभर माझ्या घशाखाली मक्याचा पोलेंता उतरला नाही, तरी मी वेचून फेकत राहिले. तुल्लिओ नाकाला रुमाल लावून वर आला. म्हणाला, सगळंच खाली जाऊ दे, चार वर्षं पिंपात राहिल्यावर कोणाला कळतंय. मी म्हटलं, माझ्या खुणेशिवाय काही जाणार नाही. तो हसला.

दुसऱ्या दिवशी सडक्या तट्ट्यांवरही खुणा होत्या. शेपटी उलट्या बाजूला. नक्कल करायलाही अक्कल लागते. मी काम सोडलं आणि गावभर सांगितलं. लोक म्हणाले, पण खूण तुझीच आहे ना?

चार वर्षांनी ती दारू बाटलीत आली. मागच्या चिठ्ठीवर छापलं होतं, 'नीवेसच्या हातांनी निवडलेली'. मिलानहून दारू पारखायला आलेल्या पाहुण्यांना ते हात बघायचे होते, म्हणून तुल्लिओने गाडी पाठवली. मी गेले. माझ्या नावावर काय खपतंय ते मलाही बघायचं होतं.

पाहुणे घोट तोंडात घोळवून भांड्यात थुंकत होते आणि वहीत लिहीत होते. एक जण म्हणाला, या वासात चार पिढ्यांचं तळघर आहे. तळघर कसलं, ती माडीवरची घाण होती. मी घोट घेतला आणि तो सडका महिना जिभेवर आला. मी भांड्यात थुंकले.

"बघा, जाणकार माणूस कसं थुंकतं," तो पाहुणा कौतुकाने म्हणाला.

"चव बघायला नाही थुंकले, साहेब. शिसारी आली म्हणून थुंकले. ही द्राक्षं सडकी होती आणि मी ती निवडलेली नाहीत."

"मावशींची थट्टा चालूच असते," तुल्लिओ म्हणाला. सगळे हसले. कोणी पेन खाली ठेवलं नाही.

मग मी दुसरा घोट तोंडभर घेतला. पाहुण्याने भांडं पुढे केलं, ते मी हाताने बाजूला सारलं आणि तुल्लिओच्या पांढऱ्या सदऱ्यावर थुंकले.

या वेळी कोणी हसलं नाही.